वाचताना कळतं, पेन उचललं की अडतं

मॅडम, नमस्कार.
मी परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. वय 33, बी. कॉम. झालेलो. नऊ वर्षं शेतमालाच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहितोय. मागच्या वर्षी दुकानात कॉम्प्युटर आला, त्यात बिलं काढायचा प्रोग्राम आला. तो अडला की नांदेडहून पोरगा येईपर्यंत सगळं ठप्प. मनात आलं, हे आपणच का शिकू नये? मेव्हण्याचं बीसीएचं जुनं पुस्तक आणलं. प्रोग्रामिंग लॉजिकचं, इंग्रजीतलं, जाडजूड. तीन प्रकरणं बरी गेली. चौथं लूपचं, ते तीनदा वाचलं. वाचताना सगळं कळतं. पुस्तक मिटून मागचा स्वाध्याय सोडवायला घेतला की पेन पुढं सरकत नाही. दोन महिने झाले, लई बेजार झालोय. मेव्हणा म्हणतो, पुस्तक सोड, व्हिडिओ बघ. दुकानातले म्हणतात, या वयात काहून डोक्याला ताप? घरी कॉम्प्युटर नाही, फोन आहे. बायको म्हणते, दिवसभर दुकानात वही आणि रात्री घरी पण वहीच. माझं डोकं या कामाचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही. बनी तो बनी, नहीं तो परभणी.
— एक मुनीम, परभणी

मुनीमजी, नमस्कार.

राग मानू नका, पण नऊ वर्षं आडतीवर काढलेला माणूस लूपच्या प्रकरणात अडकलाय हे वाचून मला हसू आलं. मापाडी काट्यावरचा आकडा ओरडतो, तुम्ही लिहिता. पुढचा कट्टा, म्हणजे मालाचं पोतं, चढतो, परत आकडा, परत लिहिणं, गाडी रिकामी होईस्तोवर. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तुम्ही दिवसभर लूपच, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, चालवत असता. तो तुमच्या हाताला पाठ आहे. पुस्तक मात्र तुमच्याकडून तोच शब्दांत मागतंय: काय करता ते एकेका ओळीत सांगा, आणि एकही ओळ गाळू नका.

घोडं तिथं अडतं. दुसऱ्याने मांडलेला हिशोब वाचणं आणि कोऱ्या पानावर आपण हिशोब मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बी. कॉम.ला असताना सोडवलेला ताळेबंद वाचायला किती सोपा वाटायचा, आणि स्वतः करायला बसलं की दोन्ही बाजू जुळता जुळायच्या नाहीत, आठवतंय? तेव्हा कुणी तुम्हाला डोकं नाही म्हणालं नसेल. म्हणाले असतील, अजून चार उदाहरणं सोडव.

माझंच सांगते. 1992 साली मी नांदेडला बीएस्सीला होते. कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर काढायच्या, एका मशीनवर तिघींनी बसायचं, आणि तेही आठवड्यातून दोन तास. प्रॅक्टिकलला आकडे चढत्या क्रमाने लावायचा प्रोग्राम येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी तो आरतीसारखा पाठ केला. कंस, स्वल्पविराम, सगळं. परीक्षेत धडाधड टाइप केला, चाललाही. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "छान. आता हेच आकडे उतरत्या क्रमाने लावून दाखव." मी उभीच. मला वाटलं, उतरत्या क्रमाचा प्रोग्राम वेगळा असतो आणि तो आपल्याला कुणी सांगितलाच नाही. शेवटी त्यांनीच वाकून एक चिन्ह बदललं. 'पेक्षा मोठं' होतं तिथं 'पेक्षा लहान' केलं. संपलं. सबंध प्रोग्राम मला पाठ होता, आणि त्यातली कोणती ओळ काय करते हे मला माहीत नव्हतं.

नंतर मी स्वतः 26 वर्षं शिकवलं आणि दर वर्षी वर्गात माझ्यासारखी पोरं पाहिली. आपल्या भागात लातूर पॅटर्नची हवा मोठी. त्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही, त्यात घाम गाळावाच लागतो. पण त्या हवेत वाढलेल्या पोराला उत्तर आधी लागतं. प्रोग्रामिंगमध्ये उत्तर पाठ असून काही होत नाही, कारण गिऱ्हाईक दर वेळी प्रश्न वाकवून आणतं.

म्हणून चौथं प्रकरण चौथ्यांदा वाचू नका. ते चालवा. कॉम्प्युटर नसला तरी चालतं, कॉम्प्युटर तुम्ही व्हायचं. याला ड्राय रन म्हणतात. पुस्तकात बहुतेक अर्ध्या पानात उरकलेलं असेल, आणि त्या अर्ध्या पानावरच सगळी विद्या उभी आहे असं माझं मत आहे. एक आडवी वही घ्या. प्रोग्राममध्ये जेवढे व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची नावं, तेवढे रकाने आखा. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं, ती ओळ सांगते तेवढंच करायचं, आकडा बदलला तर रकान्यात जुना खोडून नवा लिहायचा, बोट खालच्या ओळीवर. 'पुढं काय होणार ते मला कळलंय' असं मन म्हणालं तरी बोट उचलायचं नाही. मशीनला काही कळत नसतं, ते फक्त बोटाखालची ओळ पाळतं.

एक उदाहरण आपण इथंच करू. चार कट्टे आलेत, वजनं 62, 58, 65 आणि 55 किलो. सर्वांत हलका कट्टा शोधायचाय. कुणीतरी असं लिहिलं:

हलका = 0
कट्टे संपेपर्यंत हे करत राहा:
    वजन वाच
    वजन हलका पेक्षा कमी असेल तर हलका = वजन
हलका छाप

वाचताना चूक दिसत नाही. मान डोलते. आता बोट ठेवा. हलका या रकान्यात 0. पहिला कट्टा 62. 62 हे 0 पेक्षा कमी आहे का? नाही, रकाना तसाच. 58? नाही. 65? नाही. 55? नाही. माल संपला, छापलं काय? 0. मोंढ्यात शून्य किलोचा कट्टा! सुरुवातीलाच रकान्यात 0 भरून ठेवल्यावर त्याच्याखाली कोणता कट्टा उतरणार? हलका मध्ये आधी पहिल्याच कट्ट्याचं वजन ठेवा आणि दुसऱ्यापासून तुलना करा, म्हणजे 62, मग 58, मग 58 तसाच, मग 55, असं बरोबर उतरतं. पुस्तकात बहुधा सर्वांत जड काढून दाखवतात, आणि तिथं 0 पासून सुरुवात चालून जाते. शिकणारा तेवढी ओळ उचलतो, हलक्याला लावतो आणि फसतो. वाचून ही चूक शंभर वेळा नजरेतून सुटेल, रकाने भरताना पहिल्याच फेरीत हात थांबतो.

तुमच्यासारख्यांना अजून एक ओळ खटकत असणार: एकूण = एकूण + वजन. शाळेतल्या गणिताने पाहिलं तर ही ओळ खोटी आहे. कोणतीही गोष्ट स्वतःपेक्षा जास्त कशी असेल? पण इथलं बरोबरचं चिन्ह 'दोन्ही बाजू सारख्या' असं म्हणतच नाही. उजवीकडचा हिशोब आधी करा आणि येईल तो आकडा डावीकडच्या खात्यात टाका, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या भाषेत, मागील बाकी अधिक आजची जमा, ती झाली नवी बाकी. रोजकीर्दीत तुम्ही हे रोज करता. ज्यांनी कधी खातं लिहिलं नाही अशा पोरांना ही ओळ पचवायला मी आठवडा घालवलेला आहे. तुम्हाला एक मिनिट लागेल.

आता लूपच्या खऱ्या खोड्या. पुस्तकात फॉर आणि व्हाइल असे दोन प्रकार दिलेत. शेतकऱ्याने आधीच सांगितलं, 40 कट्टे आहेत, तर फॉर: चाळीस फेऱ्या मोजून करायच्या. किती आहेत ठाऊक नाही, गाडी रिकामी होईपर्यंत चालवायचं, तर व्हाइल. एवढाच भेद, त्यावर जास्त झुरू नका. अडचण वेगळीकडे आहे: माल संपला हे मशीनला कळणार कसं? त्यासाठी एक खुणेचा आकडा ठरवतात, समजा -1. मापाडी -1 ओरडला की समजायचं, झालं. मग नवशिका लिहितो: वजन -1 नाही तोवर, वजन वाच आणि एकूणमध्ये मिळव. बोट ठेवून चालवा. चार कट्ट्यांची बेरीज 240 झाली. मग मापाडी -1 ओरडला. आपण वाचला, आणि तपासायच्या आधीच बेरजेत घातला. एकूण 239. शेतकरी एका किलोसाठी तुमची गचांडी धरेल, आणि बरोबरच करेल.

उपाय असा, की पहिलं वजन लूपच्या बाहेर, आधीच वाचायचं. मग लूपच्या दारात तपासायचं, आत आल्यावर मिळवायचं आणि आतल्या शेवटच्या ओळीला पुढचं वजन वाचायचं. इंग्रजी पुस्तकात याला प्रायमिंग रीड म्हटलेलं सापडेल. ती शेवटची ओळ विसरलात तर काय होतं तेही चालवून बघा: तोच कट्टा काट्यावर बसून राहतो, परत परत मिळवला जातो, आणि प्रोग्राम काही केल्या थांबत नाही. दुकानातला कॉम्प्युटर 'हँग' होतो तेव्हा कधीकधी आत हेच चाललेलं असतं.

हे कागदावरचं शिक्षण म्हणजे दुधाची तहान ताकावर, असं वाटत असेल तर एक गोष्ट ऐका. 1843 साली एडा लव्हलेस या 27 वर्षांच्या बाईंनी बर्नुली संख्या, म्हणजे गणितातली एक संख्यामालिका, काढायची कृती छापली. ती चार्ल्स बॅबेज यांच्या अ‍ॅनालिटिकल इंजिन नावाच्या गणिती यंत्रासाठी होती, आणि ते इंजिन शेवटपर्यंत पुरं बांधलंच गेलं नाही. जगातला पहिला प्रोग्राम म्हणून आज जो दाखवतात तो असा, मशीनच नसताना लिहिलेला. दिसतो कसा? मोठा तक्ता आहे: दर ओळीला एक क्रिया आणि त्या क्रियेने कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय झाली याचे रकाने. तुमच्या आडव्या वहीसारखाच. त्यातही चौथ्या क्रियेत भागाकार उलटा पडलाय, वरचा आकडा खाली आणि खालचा वर. तेव्हा चुकलात तर फार मोठ्या माणसांच्या पंगतीला बसलात असं समजा.

आता रोजच्या बोलण्यामुळे नडणारी एक गंमत. ती तुमच्या पुस्तकात बहुधा मिळणार नाही. आपण म्हणतो, 'सोमवारी आणि गुरुवारी बाजार भरतो.' हेच वाक्य जसंच्या तसं कंडिशनमध्ये, म्हणजे अटीत, घातलं: वार सोमवार असेल आणि वार गुरुवार असेल तर 'बाजार आहे' छाप. हा प्रोग्राम वर्षभर चालवला तरी बाजार भरणार नाही, कारण कोणताच दिवस एकाच वेळी सोमवार आणि गुरुवार नसतो. तिथं 'किंवा' हवं. बोलताना आपण दिवसांची यादी करत असतो, म्हणून 'आणि' म्हणतो. मशीन मात्र समोरच्या एकाच दिवसाला विचारत असतं, तू हा आहेस का तो आहेस? पत्नीला विचारा, 'चहा किंवा कॉफी, काहीही चालेल' आणि 'चहा आणि कॉफी चालते' यात फरक काय. ती सांगेल, पाहुण्याला दोन्हीचा अर्थ एकच असतो. मशीनला नसतो. दर कंडिशन लिहिताना तुमच्या तोंडी आलेलं 'आणि' दोन क्षण तपासा, हा माझा हट्ट आहे. 'किंवा'नेही फसवणूक होते, पण कमी.

आकड्यांच्या काठाला तसंच जपा. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. ओलावा मोजायच्या मशीनवर बरोबर 12 आलं तर माल आत का बाहेर? बोलताना 'बारापर्यंत' म्हणून सुटून जातं. प्रोग्राममध्ये 'पेक्षा कमी' लिहिलंत तर 12 वाला परत गेला, 'पेक्षा कमी किंवा बरोबर' लिहिलंत तर आत आला. चाचणी घेताना 8 आणि 18 घालून समाधान मानणारे खूप असतात. भांडण नेमकं 12 वर होतं, तेव्हा 12 घालून बघा, 11.9 घाला, 12.1 घाला. आणि हा 12 प्रोग्राममध्ये दहा ठिकाणी लिहू नका. वर एकदाच मर्यादा = 12 लिहा आणि खाली सगळीकडे मर्यादा हा शब्द वापरा. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. ज्याने दहा ठिकाणी 12 लिहिला त्याला दहा ठिकाणी शोधावं लागलं असतं, आणि एखादा राहिलाच असता.

कंडिशन लावायचा क्रमसुद्धा बघा. समजा दुकानाचा नियम असा: ओलावा 12 च्या वर गेला तर वजनात कट, 15 च्या वर गेला तर माल परत. तुम्ही आधी '12 पेक्षा जास्त असेल तर कट' लिहिलं आणि 'नाहीतर 15 पेक्षा जास्त असेल तर परत' हे त्याच्याखाली. आता 18 टक्क्यांचा चिंब माल आणा. पहिल्याच दारात 18 हे 12 पेक्षा जास्त निघालं, कट लागला, माल आत. दुसऱ्या दारापर्यंत कुणी पोचतच नाही. मोठी अट आधी विचारायची. हे मी सांगून लक्षात राहणार नाही. मुद्दाम उलटं लिहा आणि वहीत चालवून बघा.

तुमच्या पुस्तकातली उदाहरणं बहुधा परदेशी कंपनीच्या पगाराची आणि विमान तिकिटांची असतील. ती टाकू नका, भाषांतरही करू नका. नुसती माणसं बदला: कर्मचाऱ्याच्या जागी शेतकरी, तासांच्या जागी क्विंटल, पगाराच्या जागी पट्टी, कापलेल्या कराच्या जागी हमाली आणि तोलाई. सांगाडा तोच राहतो आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे तुमच्या हाताला आपोआप कळतं. पगाराच्या उदाहरणात उत्तर वेडंवाकडं आलं तरी तुम्हाला शंका येणार नाही. पट्टी शंभर रुपयांनी चुकली तर तुम्हाला झोप लागायची नाही.

नोटा मोजायचा एक स्वाध्याय मी प्रत्येकाला देते. 7,380 रुपये द्यायचेत, 500, 200, 100, 50, 20 आणि 10 च्या नोटांत, कमीत कमी नोटा लागल्या पाहिजेत. उत्तर तुम्ही आत्ता वाचता वाचता काढलं असेल: पाचशेच्या 14 आणि बाकी प्रत्येकाची एकेक. पण कसं काढलं? ते लिहायला बसा, म्हणजे भागाकार आणि बाकी या दोन गोष्टी हाताशी लागतील. इथं मुनीमाला एक खड्डा आहे म्हणून आधीच सांगते: पायथन आणि सी या दोन्ही भाषांत % या चिन्हाचा अर्थ टक्के नाही, भागाकाराची बाकी. 7380 % 500 म्हणजे 380. नऊ वर्षं ते चिन्ह टक्का म्हणून वाचलेल्या डोळ्याला हे पहिले काही दिवस छळणार.

प्रकरण कधी सुटलं म्हणायचं, याची माझी एकच फूटपट्टी आहे. आज सोडवलेलं उदाहरण उद्या सकाळी पुस्तक मिटून परत लिहायचं, पण प्रश्न थोडा वाकवून. हलका काढला होता, तर आता दुसऱ्या क्रमांकाचा हलका काढा. बेरीज केली होती, तर फक्त 60 किलोच्या वरच्या कट्ट्यांची करा. जमलं तर पुढं. नाही जमलं तर त्याच पानावर थांबायचं, लाज नाही. माझ्या त्या परीक्षकांनी मला हेच विचारलं होतं, फक्त परीक्षेच्या दिवशी.

आणि पुढं अजून किती आहे या भीतीने दडपून जाऊ नका. 1966 साली कोराडो ब्योम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या दोघांनी सिद्ध करून दाखवलं, की कोणतीही कृती लिहायला तीनच रचना पुरतात: एकापाठोपाठ एक, अट आणि फेरी. म्हणजे चौथं प्रकरण हातात आलं की पाया पुरा झाला. नंतर अ‍ॅरे येईल, ती म्हणजे क्रमांक घालून ओळीने मांडलेली खाती, फक्त मोजणी बहुतेक ठिकाणी 0 पासून. फंक्शन येईल. त्यासाठी भजनाची वही आठवा. धृपद एकदाच पूर्ण लिहिलेलं असतं, प्रत्येक कडव्यानंतर ते पुन्हा लिहीत नाहीत. नुसतं 'धृ.' दिसलं की टाळकऱ्यांना कळतं, तिकडं जायचं, म्हणायचं आणि परत इथंच यायचं.

आता बाकीचे प्रश्न पटापट. भाषा कोणती? पुस्तक सुडोकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही ठरावीक भाषेशिवाय साध्या शब्दांत मांडलेल्या कृतीत, असेल तर कोणतीच घाई नाही. आधी मराठीत, तुमच्या परभणीच्या बोलीत लिहा, वहीत. चालवायची हौस आलीच तर पायथन घ्या. फुकट आहे, फोनवर चालवणारी अ‍ॅपही मिळतात. इंग्रजीची भीती घातली असेल कुणी, तर सांगते: पायथनमध्ये राखीव शब्द अवघे 35. पास व्हायला लागतात तेवढेच. व्हेरिएबलला नाव मात्र 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही देता येतं, 'एकूण' आणि 'वजन' लिहिलं तरी ते चालवून घेतं. पुढं दुसऱ्यांबरोबर काम करायचं तर रोमन लिपीतली नावं लागतील, पण ते पुढचं पुढं.

व्हिडिओ? मेव्हणा अगदीच चूक नाही. एखादी कल्पना अडली तर जरूर बघा. पण व्हिडिओत दुसऱ्याचा हात झरझर चालतो आणि तुमची मान डोलते, म्हणजे तुमचा तोच जुना आजार. पुस्तक निदान थांबून राहतं. फोनवर प्रश्न टाकला की आयता प्रोग्राम लिहून देणारी सोय आता आलीय, तिचंही तसंच. तिच्याकडून उत्तर घेऊ नका. आपलं उत्तर तिला दाखवा आणि 'कोणता आकडा घातला तर हे चुकेल?' असं विचारा. त्या कामाला ती बरी आहे.

वयाचं मी काही बोलत नाही. दुकानातल्यांना म्हणावं, पुढच्या वेळी प्रोग्राम अडला की नांदेडच्या पोराची वाट बघत बसा. फक्त त्या बिलाच्या प्रोग्रामला तुम्ही इतक्यात हात घालू नका. तो दुसऱ्याने लिहिलेला आहे, त्याचं आतलं तुम्हाला दिसणारही नाही. आधी स्वतःचा छोटा, एका पट्टीचा.

रोज 40 मिनिटं पुरे, आणि ती सकाळची, दुकान उघडायच्या आधीची. दिवसभर आकडे ऐकून विटलेल्या कानांनी रात्री लूप शिकू नका. सोयाबीनची आवक सुरू झाली की पुस्तक सरळ बासनात बांधा, दिवाळी उलटल्यावर काढा. त्या महिन्याभरात रोज पाच पानं रेटणारे शेवटी पुस्तकाचा रागच धरतात.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांची तक्रार खरी आहे, तर त्यांनाच वहीत घ्या. सर्वांत हलका कट्टा शोधायची तुमची कृती एका कागदावर लिहा. चार चिठ्ठ्यांवर चार वजनं लिहून उलट्या ठेवा. कागद त्यांच्या हातात द्या आणि सांगा, यात लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं वापरायचं नाही. तुम्ही शेजारी गप्प बसायचं. 'अगं तसं नाही' म्हणायलासुद्धा बंदी. पहिल्याच ओळीला त्या विचारतील, 'वजन वाच म्हणजे कोणतं? वाचलेली चिठ्ठी परत खाली ठेवू का बाजूला?' तेव्हा उत्तर देऊ नका. कागद परत मागून घ्या, ती ओळ खोडा आणि नवी लिहा.